उतारावरचे पाणी

वाकदरीची धार पुरुष गेले की वाहत असे आणि बायका गेल्या की बंद असे. एकोणीसशे त्रेसष्टच्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत बुलढाण्याहून पुरुषांच्या चार फेऱ्या त्या धबधब्यावर झाल्या आणि मुलींच्या शाळेच्या तीन. चारही वेळा पाणी होते. तिन्ही वेळा नव्हते.

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिमा पाठक हिने कागदावर पट्टी ठेवून मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे चार तारखा लिहिल्या, उजवीकडे तीन, आणि पेन्सिलीचे टोक वामनरावांच्या वहीतल्या एका ओळीवर टेकवले.

“बावीस डिसेंबरला तुम्ही किती वाजता पोचलात?”

वामनराव मुलांच्या हायस्कुलात चित्रकला शिकवीत. काही शिक्षक, काही कारकून आणि दोन वकील मिळून त्यांनी ‘रविवार मंडळ’ काढले होते. शहराच्या आसपासची, पायी जाऊन दुपारपर्यंत परतता येईल अशी एखादी जागा गाठायची, एवढाच त्या मंडळाचा उद्योग. त्याची वही मात्र ते फार निगुतीने ठेवत.

“दहाच्या सुमारास. लिहिलंय की तिथं. पाणी भरपूर, पोहे कमी.” ते ओसरीच्या खांबाला रेलून हसले. “पाठकबाई, तुम्ही विज्ञानवाले साध्या गोष्टीला फार ताणता. अहो, धारेलाही पदर घ्यावासा वाटत असेल.”

“बायकांपुढे घेते आणि पुरुषांपुढे टाकते. रिवाज उलटा आहे तिचा.”

“मग गुरव काय म्हणतो ते तरी माना.”

“गुरव जे पाहतो ते मी मानते. तो त्याचं जे कारण सांगतो ते मानत नाही.”

तिने वेळांचा रकाना भरला, वही मिटून परत केली आणि चपला पायांत सरकवल्या. वेळांत काही फरक नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक दहाच्या आगेमागेच पोचले होते.

गुरवाचे नाव पुंजाजी. धारेखालच्या कुंडाच्या काठी महादेवाचे लहानसे ठाणे होते आणि पुंजाजी घाटाखालच्या गावाहून रोज सकाळी पूजेला वर चढून येई. पाच जानेवारीला, तिसऱ्या खेपेस, बत्तीस मुली ओल्या कातळाकडे तोंडे करून उभ्या असताना त्यानेच सांगितले होते :

“बाईमानसाची सावली पडली का थांबते धार. मी दोन महिने पाहून राह्यलो. त्यात कोनी अडचणीची असन, तं मंग विचारूच नोका.”

प्रतिमाने त्या वेळी कातळाला हात लावून पाहिला होता. शेवाळ गच्च ओले होते आणि कपारीतून थेंब ठिबकत होते. महिनाभरापूर्वी आटलेला कातळ असा नसतो. पाणी त्याच सकाळी, फार तर दोन-तीन तासांपूर्वी, थांबले होते. त्याच क्षणी वर ओढ्याच्या पात्रातून चालत गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बत्तीस मुली साठ फूट कड्याखाली, कुंडाच्या काठी सोडून जाणे शक्य नव्हते. ती मुली मोजत राहिली, आणि मुली एकमेकींकडे पाहत राहिल्या.

त्यांतल्या स्नेहलताला त्या सकाळी वाटेतच पाळी आली होती. तिने ते एका मैत्रिणीच्या कानात सांगितले. सोमवारी ते नववीच्या सगळ्या वर्गाला कळले. बुधवारी ती जिच्याकडे राहून शिकत होती त्या रुखमामावशीला कळले आणि शनिवारपर्यंत चिखलीला तिच्या वडिलांना. वर्गात तिने माठातून पाणी घेतले की मुली त्या दिवशी माठाकडे फिरकत नसत. ती आपण होऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वडिलांची चिखलीच्या बाजारात धान्याची अडत होती; त्यांनी शाळेला पत्र घातले की तीन फेब्रुवारीस येऊन मुलीला घेऊन जातो, पुढे शिकवण्याचा विचार नाही.

मुख्याध्यापिका विमलबाईंनी ते पत्र प्रतिमासमोर सरकवले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“सहली बंदच करू या. म्हणजे विषय मिटेल.”

“सहली बंद केल्या तर गुरव म्हणतो तेच खरं ठरेल.”

“आणि चालू ठेवल्या तर?”

“तर निदान ते तपासता येईल.”

विमलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाद नको असला की त्या असे करीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रतिमाने स्नेहलताला प्रयोगशाळेत बोलावले. मुलगी दाराशीच उभी राहिली. पूर्वी ती सरळ आत येऊन परीक्षानळ्या विसळायला घेत असे.

“पाच जानेवारीला तुझा पहिला दिवस होता?”

स्नेहलताने मान खाली घातली.

“मी तारीख विचारते आहे. लाजण्यासारखं त्यात काही नाही. दर वेळी किती दिवसांनी येते?”

“अठ्ठावीस. कधी एकोणतीस.”

प्रतिमाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि बोटाने चौकटी मोजल्या. “म्हणजे रविवारी, दोन तारखेला. ठीक. त्या दिवशी आपण दोघी वाकदरीला जाऊ.”

“बाई!”

“गुरवाचं म्हणणं खरं असेल तर धार बंद असेल. खोटं असेल तर चालू असेल. इतकी सोपी परीक्षा सहसा मिळत नाही.”

“आणि बंदच असली तं?” तिच्या तोंडून चिखलीचा ‘तं’ निसटला. वर्गात ती तो फार जपून टाळत असे.

“तर का बंद आहे ते शोधू.”

“आणि नाही सापडलं तं?”

खोटा धीर देणे प्रतिमाला जमत नसे. तिने विचारले, “मावशी येऊ देतील तुला?”

“मी बाजूला असली का मावशी मला घरात फिरू देत नाही. बाहेर गेले तर विचारतही नाही.”

शनिवारी संध्याकाळी स्नेहलता बाईंच्या घरासमोरून दोनदा गेली. दुसऱ्यांदा जाताना तिने वर पाहून मान हलवली. पाळी आली की एवढी खूण करायची, असे ठरले होते; ती एक दिवस आधीच आली होती.

रविवारी सकाळी साडेसातला दोघी निघाल्या. शहरापासून वाकदरी पाच मैल. पहिले तीन मैल सपाट पठार, शाळूची उभी शेते, बांधावर कडूनिंब. मग घाटाच्या कडेकडेने जाणारी पायवाट. पळसाला कळ्या धरल्या होत्या. उजव्या हाताला कडा तुटून खाली मोताळ्याकडचा मुलूख धुरकट पसरला होता. हवा स्वच्छ असली की इथून रोहिणखेडची मशीद दिसते असे वामनराव सांगत. प्रतिमाला ती तीन वेळा पाहूनही दिसली नव्हती, म्हणून तिने ती मुलीला दाखवली नाही.

स्नेहलता सावकाश चालत होती. एकदा ती दगडावर बसली, पोटाशी हात धरून.

“दुखतंय?”

“थोडं. चला.”

“घाई नाही. पाणी कुठे पळून जात नाही.”

मुलीने वर पाहिले. बाईंनी विनोद केला असावा असे तिला वाटले, पण तिची खात्री पटली नाही.

शेवटच्या टेकाडावर चढून आल्यावर स्नेहलता एकदम थांबली. तिने हात वर केला.

“बाई, आवाज.”

आवाज होता. चाळणीतून दाणे सतत पडत राहावेत तसा. टेकाड उतरून दोघी ओढ्याशी आल्या. इथे ओढा एका सपाट काळ्या कातळावरून पसरत जाई. तीसेक पावलांचा तो कातळ, त्याला सगळे ‘उतार’ म्हणत. उतार ओलांडला की पलीकडे पायऱ्या होत्या, त्या खाली कुंडाशी आणि ठाण्याशी जात. आणि उताराच्या खालच्या अंगाला, वीस फुटांवर, कातळ संपे आणि पाणी कड्यावरून सुटे.

आज उतारावरून चार बोटे पाणी वाहत होते. अलीकडच्या काठाच्या एका पुढे आलेल्या खडकावर दोघी जपून गेल्या आणि तिथून त्यांनी वाकदरीची धार पहिल्यांदा पाहिली. फार मोठी नव्हती. एका पांढऱ्या पट्टीसारखी ती सुटे, मध्येच एका कंगोऱ्यावर फुटे आणि कुंडात पडेपर्यंत तिचा अर्धा भाग वाऱ्यावर जाई. खाली पुंजाजी पाठमोरा बसून बेल निवडत होता.

प्रतिमाने घड्याळ पाहिले. नऊ पंचावन्न. तिने वहीत वेळ लिहिली. लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा थोडे मोठे आले.

स्नेहलता खडकावर गुडघे जवळ घेऊन बसली आणि नुसती पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने वेणीचा पुढे आलेला शेपटा मागे टाकला आणि बरोबर आणलेला फडक्यातला डबा उघडला. दशम्या होत्या. तिने एक बाईंना दिली आणि एक स्वतः घेतली. चार आठवड्यांत तिने कोणाला काही खायला पुढे केले नव्हते.

“आता काय लिहायचं, बाई?”

“गुरवाचं कारण चूक. एवढं सिद्ध झालं. पण त्याने तीन वेळा ती बंद पाहिली आणि आपणही पाहिली. तेही खरंच आहे. कशामुळे नाही हे कळलं. कशामुळे, ते अजून कळलेलं नाही.”

दहा वाजून नऊ मिनिटांनी धारेचा आवाज बदलला.

प्रथम प्रतिमाला वाटले, वारा फिरला. मग तिने पट्टीची रुंदी पाहिली. पट्टी दोन्ही कडांनी आत येत होती. उतारावरच्या पाण्यातून कातळाचे उंचवटे एकेक करून वर डोकावू लागले. धार दोरीएवढी झाली, मग सुतळीएवढी. दहा वाजून तेरा मिनिटांनी कड्यावरून फक्त थेंब पडत होते. खाली पुंजाजीने मान वळवून वर पाहिले. त्याला खडकावर दोन लुगडी दिसली. त्याने कपाळाला हात लावला आणि महादेवाकडे तोंड केले.

स्नेहलताच्या हातातली दशमी तशीच राहिली.

“मले घरी न्या,” ती म्हणाली. “बाई, मले घरी न्या. माझ्यामुळंच झालं.”

“तू इथं आलीस तेव्हा धार चालू होती. चौदा मिनिटं ती तुझ्यासमोर चालू होती. देव कोपायला चौदा मिनिटं घेतो का?”

“मले नाही माहीत.”

“मलाही माहीत नाही. पण झरा चार मिनिटांत आटत नाही, हे माहीत आहे. चार मिनिटांत संपतं ते तोडलेलं पाणी.” प्रतिमाने वही पिशवीत टाकली आणि पदर कमरेला खोचला. “ऊठ. पाणी वरून येतं. आपण वर जायचं.”

“आणि वर काही नसलं तं?”

“वर काहीतरी आहेच. ओढा आभाळातून सुरू होत नाही.”

तिने मुलीचा हात धरला नाही. ती पुढे निघाली आणि मागे न पाहता चालत राहिली. पन्नासेक पावलांनी तिला मागून चपलांचा आवाज ऐकू आला.

ओढ्याच्या पात्रात डबकी राहिली होती. एका डबक्यात बोटभर मासे उलटेसुलटे तडफडत होते. काठच्या मातीवर पाण्याची ओली रेघ इतकी ताजी होती की तिच्यावर अजून धूळ बसली नव्हती. निरगुडीच्या झुडपांतून वाट काढत, दगडांवरून उड्या टाकत दोघी सुमारे तीन फर्लांग वर गेल्या. मग आमराईचा एक झुबका आला, त्याच्यामागे वाकदरीची दहा-बारा घरे दिसली. शहराकडून येणारी पायवाट या घरांना वळसा घालून जात असे. त्यामुळे तीन खेपांत त्यांतले एकही माणूस त्यांना भेटले नव्हते. आणि आमराईच्या अलीकडे, ओढ्याच्या ऐन मधोमध, गुडघ्यापर्यंत चिखलात उभा असलेला एक माणूस फावड्याने माती लोटत होता.

त्याने दगडमातीचा बांध घालून ओढा अडवला होता. सगळे पाणी एका पाटातून त्याच्या शेतात चालले होते. दोघींना पाहताच त्याने फावडे टाकले, डोक्याचे फडके काढले आणि हात जोडले.

“माफी करा बाई. उशीर झाला. आज चिठ्ठीच नाही आली ना.”

प्रतिमाला दम लागला होता. “कसली चिठ्ठी?”

“तुमचीच. दरवक्ती येते ना महादेवराव पाटलाकडं. मंग पाटील सांगतात, कडूबा, उद्या शाळेतल्या पोरी येऊन राह्यल्या, उतार कोरडा ठेवजो. मी तांबडं फुटलं का पानी वळवून देतो. आज मायनं त्या टेकाडावर दोन लुगडी पाह्यली अन् बोंबलली. मंग धावलो.” तो ओशाळून हसला. “पन वळवलं का खालचं पानी सराले वेळ लागते. तुमी उतारावर पोचून गेल्या असान. पाय तं नाही घसरला ना कोनाचा?”

“म्हणजे पाणी तुम्ही बंद करता. आम्ही येणार म्हणून.”

“हाव. पोरीइचे पाय घसरतात ना तिथं. मागच्या साली म्हैस गेली खाली. तिले चार पाय व्हते.”

“आणि पुरुष येतात तेव्हा?”

“ते पोहाले येतात बाई. चड्ड्या घालून. त्यांच्यासाठी कोन वळवते पानी! घसरले तं घसरले.”

आमराईतून एक म्हातारी काठी टेकत आली. कडूबाची आई, गोजरबाई. येता येताच तिने मुलाला झापले, “अरे, त्याइले बसाले तं सांग! उभ्यानंच बोलत राह्यला.”

प्रतिमा बसली नाही. “कडूबा, आम्ही तीन वेळा धार पाहायला आलो होतो.”

“धार?”

“पाणी पडतं ते पाहायला.”

कडूबाने आधी तिच्याकडे, मग मुलीकडे, मग आईकडे पाहिले. “पान्यात पाहाले काय असते बाई? आमाले वाटे, तुमी महादेवाले येता. पाच मैल चालून कोनी पानी पाहाले येते काय? तुमच्या इथं नळ हाय म्हनतात.”

प्रतिमाला पाटलांना लिहिलेले ऑक्टोबरातले आपले पत्र आठवले. उतार तिने तेव्हा पाहिला नव्हता, निसरडा आहे एवढे ऐकले होते. तिने लिहिले होते : ‘उतार ओलांडताना मुलींची गैरसोय होऊ नये, अशी योग्य ती व्यवस्था कृपया व्हावी.’ पुढच्या दोन्ही खेपांना शिपायाने तेच पत्र तारीख बदलून नेले होते. पाटलांचे उत्तर कधी आले नाही, आणि अशा पत्राला उत्तर येत नसतेच. तिच्या तक्त्यात आठ रकाने होते : तारीख, वेळ, माणसे, ऊन, वारा, आदल्या आठवड्यातला पाऊस, वाट, वेश. घरून निघण्यापूर्वी आपण काय करतो याचा रकाना नव्हता. रविवार मंडळ कोणाला न विचारता, न कळवता जात असे. कळवून जाणे ही तिची रीत होती, आणि स्वतःची चांगली रीत माणूस निरीक्षणात धरत नाही.

तिची नजर पाटाच्या पाण्याबरोबर शेतात गेली. हरभरा घाट्यांनी भरला होता. पण पाट जिथे शेतात उतरत होता तिथल्या आठ-दहा ओळी वाळून करड्या पडल्या होत्या, आणि नवे पाणी त्यांच्याच मुळाशी साचत होते.

“हे कशानं वाळलं?”

“ते? ते असंच.”

“असंच काऊन?” गोजरबाई मध्येच बोलली. “सांग ना. हरभऱ्याले इतकं पानी सोसत नाही बाई. दरवक्ती वढाच्या वढा आनून सोडते वावरात, जाईन कुठी पानी?”

“चूप ना माय! पाहुण्याइले सांगते काय कोनी असं?”

प्रतिमाने सगळे सांगितले. शहरात काय बोलतात, गुरव काय म्हणतो, मुलीला उद्या कोण न्यायला येणार आहे आणि कशासाठी. सांगताना तिने कोणताही शब्द गाळला नाही. कडूबा मान फिरवून बांधाकडे पाहू लागला. ऐकावे, पण ऐकताना बोलणारीच्या तोंडाकडे पाहू नये, असे ते बोलणे त्याला वाटले असावे. गोजरबाई मात्र सरळ स्नेहलतापुढे जाऊन उभी राहिली.

“तुले आज अडचण हाये?”

स्नेहलताने होकारार्थी मान हलवली.

“माय वो! पोरी, या वाकदरीत बारा घरं. बाया किती असतीन? अडचणीचं धुनं आमी कुठी धुतो, नागपूरले जाऊन? याच वढ्यात धुतो. मी तीस वरसं धुतलं, माह्या सुना धुतात. अन् धार तं माह्या सासूच्या आधीपासून पडून राह्यली.” तिने काठी जमिनीवर आपटली. “तो पुंजाजी! त्याले सकाळी आंघोळीले जे पानी लागते ते कुठून जाते म्हना त्याले.”

कडूबा खोकला. स्नेहलता आधी बाईंकडे पाहत राहिली, मग तिने तोंडावर हात धरला. तिला हसू येत होते की रडू, ते ठरायला काही क्षण लागले. हसू होते.

“बांध फोडा,” प्रतिमा म्हणाली.

“पन पोरगी उतारावर कशी जाईन?”

“तुम्ही कसे जाता?”

“आमचं काय, आमी...” कडूबाने आईकडे पाहिले.

“गोनपाट बांधते,” गोजरबाई म्हणाली. “वल्लं गोनपाट शेवाळ धरते. पायतानाचं काम नाही तिथं. आन रे ते फाटकं पोतं.”

तिने पोत्याच्या चार लांब पट्ट्या फाडल्या, पाटात भिजवल्या आणि दोघींच्या अनवाणी पावलांना तळव्यावरून घोट्यापर्यंत गुंडाळून गाठी मारल्या. शहरातल्या मास्तरणीचा पाय मांडीवर घेताना तिने इतकेच म्हटले, “हे आधी इचारलं असतं, तं हरभरा वाचला असता.”

“हो,” प्रतिमा म्हणाली.

कडूबाने फावड्याचे तीन घाव घातले. पाणी बांधातून फुटले आणि पात्रात उतरले. दोघी त्याच्या बरोबरीने काठाने चालू लागल्या. पाण्याचे तोंड वाळली पाने आणि काटक्या पुढे ढकलत चालले होते. प्रत्येक डबक्याशी ते थांबे, डबके भरी, काठावरून सांडे आणि पुन्हा निघे. मासे सुटे झाले. स्नेहलता कधी पाण्याच्या पुढे जाई आणि उभी राहून त्याची वाट पाही. प्रतिमाने मोजले : बांधापासून कड्यापर्यंत एकोणीस मिनिटे.

उतार पुन्हा चार बोटे भरला. कडूबा आधी जाऊन उताराच्या खालच्या अंगाला, कड्याच्या बाजूने, हात पसरून उभा राहिला. त्याला हा सगळाच प्रकार पटलेला नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट होते. स्नेहलताने पहिले पाऊल टाकले, दाबून पाहिले, मग दुसरे टाकले. मधोमध आल्यावर ती थांबली. पाणी तिच्या घोट्यांवरून जात होते, आणि वीस फुटांवर सुटत होते, आणि खाली पडत होते.

“चाल ना पोरी,” कडूबा काकुळतीने म्हणाला. “पाहाचं ते तिकडून पाह्य.”

“थांबा ना काका. थोडं.”

खाली पुंजाजी उभा राहिला होता. त्याने धारेकडे पाहिले, उतारावरच्या मुलीकडे पाहिले, पुन्हा धारेकडे पाहिले. मग तो खाली बसला आणि बेल निवडू लागला. पण त्याचे तोंड आता वरच होते.

सोमवारी सकाळी विमलबाईंनी सहलींची नोंदवही वाचली आणि प्रतिमाला आत बोलावले. दार लोटून घेतले.

“हे असंच ठेवणार?”

“हो.”

“‘ओढा आटला होता’ एवढं पुरे नाही का? त्यानंही मुलीचं काम होईल. हे वाचलं तर वामनराव आणि त्यांची मंडळी पोळ्यापर्यंत हसतील तुम्हाला.”

“ओढा आटला नव्हता.”

“प्रतिमा, सही तुमची आहे याच्याखाली. नाव तुमचं जाईल.”

“चार आठवडे तिचं गेलं.”

विमलबाईंनी चष्मा काढला. पण तो टेबलावर ठेवला नाही, पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि घंटा वाजवून शिपायाला सांगितले की बाहेर बसलेल्यांना आत पाठव.

वैजनाथराव चिखलीहून पहिल्या गाडीने आले होते. त्यांच्यामागे स्नेहलता आली, हातात दप्तर. त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून नमस्कार केला आणि म्हणाले, “दाखला तयार असन तं मी निघतो. दुपारची गाडी हाये.”

“दाखला देऊ,” प्रतिमा म्हणाली. “त्याआधी एवढं वाचा. तुमच्या मुलीविषयी जे बोललं गेलं त्याचा निकाल आहे.”

तिने वही त्यांच्यापुढे फिरवली. वैजनाथरावांनी बंडीच्या खिशातून चाळशी काढली, बोट ओळीखाली धरले आणि अडतीवरच्या हिशेबाची पट्टी जशी वाचत असत तसे मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचले :

“सतरा नोव्हेंबर, आठ डिसेंबर आणि पाच जानेवारी या तिन्ही दिवशी वाकदरीची धार बंद होती. उतारावर मुलींची गैरसोय होऊ नये अशी व्यवस्था करावी, असे पत्र मी प्रत्येक वेळी गावच्या पाटलांना पाठवले होते. त्याप्रमाणे श्री. कडूबा यांनी ओढा आपल्या शेतात वळवला. त्यात त्यांच्या हरभऱ्याचे नुकसान झाले. दोन फेब्रुवारीस बांध फोडल्यावर एकोणीस मिनिटांनी धार पूर्ववत सुरू झाली. त्यानंतर कुमारी स्नेहलता त्या पाण्यात उभी राहिली, तरी धार थांबली नाही. धार बंद राहण्याचे कारण माझे पत्र. दुसरे कोणतेही कारण आढळले नाही. प्रतिमा पाठक.”

वैजनाथरावांनी चाळशी खिशात टाकली आणि दाखल्याचे नाव न काढता मुलीला म्हणाले, “जाय, वर्गात बस.”